बापाच्या वाटणीची

योम दोकमानचा बाप जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. हयातीत त्याने वर्षाकाठी चार-दोन वाट्या तांदळाची दारू घेतली असेल, तीही सणावाराला. मेल्यावर मात्र गेल्या शरदापासून त्याला दिवसाआड एक बाटली लागू लागली. निदान दोकमान तरी दुकानात तसंच सांगत होता.

"बाबांसाठी," असं म्हणून तो डाव्या हाताने नोट पुढे सरकवायचा. दुकानवाली म्हातारी पांढुरकी बाटली पिशवीत घालून पिशवी त्याच्या डाव्या मनगटात अडकवायची. "असा मुलगा हवा," ती म्हणायची. "आमचे दोघं सोल शहरात बसलेत. बापाच्या थडग्यावरचं गवत कापायलासुद्धा माणूस लावतात."

मग दोकमान काठी टेकत टेकडी चढायला लागायचा. गेल्या वर्षी लसूण काढणीच्या ऐन हंगामात, बांधावर बसून गड्यांबरोबर तिसरी बाटली फोडत असताना त्याच्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालू लागला, तोंड एका बाजूला ओघळलं आणि जीभ अशी जड झाली की साधं "भात वाढ" म्हणायलासुद्धा त्याला दोनदा दम घ्यावा लागे. चिंजूच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, त्याच्या बायकोला, मालसुनला सांगितलं, "रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. वर दारू गेली तर पुढचा झटका आलाच समजा. आणि त्यातून वाचलेच तर यांना भरवायला आणि पुसायला तयार राहा."

मालसुनने ते वाक्य पाठ केलं आणि गावभर केलं. तिलाही दोष कसा द्यायचा? छत्तीस वर्षं त्या बाईने नवऱ्याला लसणाच्या हातगाडीवर घालून घरी आणलं होतं. अंधार पडल्यावर चाकांचा आवाज आला की लोक घरातून म्हणत, "मालसुनची वरात निघाली." तिने ते ऐकलं आणि मान खाली घालून गाडी ढकलली. आणि आता गावाच्या सभागृहात बायका पत्ते खेळायला बसल्या की ती डाव सोडून सांगत बसायची, "आमच्या ह्यांनी एका दिवसात सोडली. एका दिवसात! डॉक्टर म्हणाले, असा रोगी बघितला नाही." डॉक्टर असलं काही म्हणाले नव्हते. पण बायका माना डोलवायच्या आणि मालसुन छत्तीस वर्षांत पहिल्यांदा ताठ मानेने घरी जायची.

दोकमानने सोडली होती, हे खोटं नव्हतं. पहिले चार महिने त्याने खरंच थेंबाला तोंड लावलं नाही. मग शरदातल्या पौर्णिमेचा सण आला. चुलतभावाने थडग्यावर दारू वाहिली, भोवती शिंपली आणि वाटीत उरलेली दोकमानच्या पुढे धरली. वाहिलेली दारू घरच्यांनी प्यायची असते. तो पूर्वजांचा प्रसाद, आणि थोरल्या मुलाने तो नाकारणं म्हणजे बापाला उंबऱ्यावरून परत पाठवणं. मालसुन तेव्हा खाली डबे भरत होती. दोकमानने वाटी घेतली. प्रसादाला कोणी दारू म्हणतं का?

नाही म्हणत. आणि हाच प्रसाद आठवड्यातून एकदा घेतला तर? त्यालाही नाही म्हणत. हिवाळा येईपर्यंत दोकमानने या प्रश्नाची सगळी उत्तरं स्वतःच्या सोयीने देऊन टाकली होती. सुरुवातीला बापाला दोन वाट्या आणि मुलाला एक, असा न्याय होता. मग अर्धी-अर्धी. वसंतात बापाच्या वाट्याला थडग्याभोवती नावापुरती चूळभर यायची, आणि बाकी सगळा प्रसाद. मालसुनला वाटे की डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून माणूस न चुकता टेकडी चढतो, आणि बाटली सगळी बापालाच वाहतो. ती त्याच्या पिशवीत जवाच्या चहाची बाटली घालून द्यायची. तो चहा तो पाइनच्या मुळाशी ओतायचा.

आणि कोणाला कळणार कसं? वाऱ्याने त्याला आधीच कायमचा झिंगलेला करून ठेवला होता. तो शुद्धीत असतानाही झुलतच चालायचा आणि बोलायचा तेही प्यायल्यासारखंच. उतरताना तो कच्च्या लसणाच्या दोन पाकळ्या चावायचा. रक्ताला चांगला असतो, असं मालसुननेच सांगितलं होतं. आणि लसूण सोलून सोलून तिच्या नाकात दुसरा वास शिरायला जागाच उरली नव्हती. नामहेचं सगळं बेटच काढणीच्या दिवसांत लसणाने दरवळतं. मग एका म्हाताऱ्याच्या तोंडाला कोण नाक लावणार?

नाक लावलं ते बसवाल्या चांगसिकने.

चांगसिक चाळिशीचा, पलीकडच्या गावातल्या एका विधवेचा मुलगा. बस कंपनीत वर्षावर्षाच्या कराराने होता. दोकमान मंगळवारी आणि शुक्रवारी त्याच्याच बसने तालुक्याच्या आरोग्य केंद्रात हाताच्या व्यायामाला जायचा. हा पोरगा बस अगदी कडेला लावायचा, दोकमान बसेपर्यंत गाडी हलवायचा नाही, आणि मागचे कुरकुरले तर म्हणायचा, "तुम्हाला पण पाय आहेतच की, उतरून पळा."

त्या मंगळवारी मालसुनला बाजारात लसणाच्या जुड्या न्यायच्या होत्या, म्हणून तीही बरोबर होती. दोकमान सकाळीच टेकडीवर जाऊन आला होता. त्या दिवशी बापाने जरा जास्तच आग्रह केला होता. पहिल्या पायरीवर त्याचा पाय घसरला आणि तो थेट चांगसिकच्या खांद्यावर जाऊन आदळला. चांगसिकने त्याला दोन्ही हातांनी सावरलं, क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "काका, आज नको. घरी जा. दुपारच्या गाडीने या, मी थांबवतो गाडी."

"का? काय झालं?" मालसुन मागून जुड्या सांभाळत विचारत होती.

"काही नाही, काकू."

"काही नाही तर मग चढू दे की."

चांगसिकने मान खाजवली. "काकू, काकांनी जरा घेतलीय. पुढे घाटाची वळणं आहेत. गेल्या महिन्यात एक जण असाच पडला आणि मला चौकशीला बसवलं."

बसमध्ये कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि मालसुनची तळपायाची आग मस्तकात गेली.

"काय म्हणालास? पुन्हा म्हण! वर्ष झालं, हा माणूस थेंबाला शिवलेला नाही! वारं गेलेल्या माणसाची जीभ अशीच वळते, पाय असाच पडतो! नाक आहे का गटार आहे रे तुझं? तुझ्या आईला वारं जाऊ दे, मग विचारीन तुला, म्हातारी कुठे पिऊन आली म्हणून!"

आईचं नाव घेतल्यावर चांगसिकच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं, आणि त्याने नजर स्टिअरिंगकडे वळवली. मालसुनने नवऱ्याच्या बाहीला धरून त्याला सगळ्यांकडे वळवलं.

"सांगा हो तुम्हीच. सगळ्यांपुढे सांगा. घेतलीय का?"

अकरा-बारा माणसं बघत होती. दोकमानला वाटलं, आत्ता सांगितलं तर संपेल. आणि मग त्याने बायकोकडे बघितलं. तिची हनुवटी वर होती. तिला उत्तर माहीतच होतं.

"नाही," तो म्हणाला.

त्या वर्षभरात त्याच्या तोंडून इतका स्वच्छ शब्द निघाला नव्हता. त्याचा त्यालाच धक्का बसला.

मालसुनने त्याच दिवशी गावप्रमुखाला गाठलं आणि तक्रार लिहून घेतली. अपंग माणसाला दारुडा म्हणून बसमधून उतरवलं, चारचौघांत अपमान केला, जाहीर माफी पाहिजे. गावप्रमुख बे यांनी लिहिताना आणखी चार जड शब्द घातले, कारण त्यांनाही बस कंपनीवर जुना राग होताच. खाली सहीऐवजी दोकमानच्या नावाचा शिक्का लागणार होता. "मी उठवते," मालसुन म्हणाली. "नको, त्यांनीच उठवलेला बरा," बे म्हणाले. दोकमानने डाव्या हातात तो बोटभर लाकडी शिक्का धरला, लाल शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. नाव वाकडं उठलं. "पुन्हा उठवा," बे म्हणाले. त्याने पुन्हा उठवला, या वेळी सरळ. एका खोट्यावर त्याने दोनदा नाव टाकलं. घरी जाऊन त्याने बोटाची लाल शाई साबणाने घासली आणि त्या रात्री जेवला नाही. मालसुनला वाटलं, अपमान जिव्हारी लागलाय. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि तो हात त्याला सहन होईना.

चार दिवस तो टेकडीकडे फिरकला नाही. पाचव्या दिवशी गेला. लाज वाटत असताना माणसाने प्यायचं सोडायला हवं, पण लाज हीच मुळी प्यायल्याशिवाय सोसवत नाही, असं काहीतरी त्याचं झालं होतं. थडग्याच्या पायथ्याशी टेकून तो दुसरी वाटी भरत होता, तेव्हा मागे पावलं वाजली. चांगसिक होता. सुट्टीचे कपडे, हातात टोपी.

दोकमानने वाटी लपवायचा प्रयत्न केला. एका हाताने काय लपवणार? एक हात लपवायला गेला की दुसरा नव्हताच.

"असू द्या, काका," चांगसिक म्हणाला. त्याने आधी थडग्याला रीतसर नमस्कार केला, मग जरा दूर बसला. "मी हे आधीपण बघितलंय. वरच्या वळणावरून गाडीतनं दिसतं."

दोकमान समुद्राकडे बघत राहिला.

"काकूंना मी काही सांगणार नाही. माझं काम ते नाही. फक्त एवढंच, करार या महिन्याअखेर संपतोय. तक्रार फाइलला राहिली तर पुन्हा घेत नाहीत. शुक्रवारी साहेब येणार आहेत तुमच्या सभागृहात. मी माफी मागीन, काकू म्हणतील तशी मागीन. तुम्ही फक्त म्हणा, झालं गेलं, तक्रार मागे घेतो. बाकी काही नको."

"मी बोलतो तिच्याशी," दोकमान म्हणाला. जिभेवरून ते लडखडत बाहेर पडलं.

"तुमचा शब्द पुरे," चांगसिक म्हणाला. मग जाता जाता थांबला. "माझ्या वडलांना दुसऱ्या झटक्यात वाचाच गेली, काका. सहा वर्षं नुसते डोळ्यांनी मागायचे. आई अजून रात्री दचकून उठते." एवढं बोलून तो उतरला.

दोकमान बोलला नाही. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी नाही. दर वेळी तो "अगं" म्हणायचा आणि मालसुन हातातली लसणाची जुडी खाली ठेवून विचारायची, "काय हो, पाणी देऊ?" आणि तो मान हलवायचा. तक्रार मागे का घ्यायची, हे सांगायचं तर कारण सांगावं लागणार. आणि कारण एकच होतं.

शुक्रवारी सभागृह भरलं. दाराशी चपलांचा ढीग. बायका भिंतीला टेकून, पुरुष मधे, गावप्रमुख बे लांब बैठ्या टेबलाच्या टोकाला. बस कंपनीचे साहेब काळी बॅग घेऊन आले, घाम पुसत बसले. त्यांच्या मागून चांगसिक आला, टेबलासमोर दोन्ही गुडघे टेकून बसला आणि हात मांडीवर ठेवले.

"योम काका, काकू. माझं चुकलं. आजारी माणसाला मी नाही ते बोललो. माझ्या नाकाला भास झाला. माफ करा."

"मान वर करून बोल," मालसुन म्हणाली. "त्या दिवशी मान वर करूनच बोलला होतास."

त्याने मान वर केली आणि तेच शब्द पुन्हा म्हटले. त्याचे कान लालबुंद झाले होते. त्याने दोकमानकडे एकदाच बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, तो नुसता वाट बघत होता. राग असता तर बरं झालं असतं.

साहेबांनी घसा साफ केला. "कंपनी दिलगीर आहे. यांचा करार आम्ही पुढे नेणार नाही, तेव्हा पुन्हा असा प्रसंग—"

"मी प्यायलो होतो," दोकमान म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. त्याने दम घेतला, जीभ सरळ केली आणि पुन्हा म्हटलं, "त्या दिवशी मी प्यायलो होतो. तो खरं बोलला."

मग मालसुनच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "बघा!" ती बायकांकडे वळून म्हणाली. "बघा कसा माणूस आहे! त्या पोराची नोकरी जाईल म्हणून आळ स्वतःच्या डोक्यावर घेतोय! मी म्हणत नव्हते, वारं गेल्यापासून मन लोण्यासारखं झालंय?"

"देवमाणूस," कोणीतरी म्हणालं. दुकानवाली म्हातारी पुढे सरसावली, "अहो, बापाच्या थडग्यावर दिवसाआड बाटली वाहतो, एकदासुद्धा चुकला नाही! अशा माणसाला दारुडा म्हणायचं?" साहेबांनी चष्मा काढून पुसला. बे म्हणाले, "चांगसिक, बघ आणि शीक काहीतरी."

खोटं दोकमान एका शब्दात बोलला होता आणि ते सगळ्यांना पटलं होतं. खरं दोनदा बोलला, तर लोक त्याला देव करायला निघाले. आणि समोर तो पोरगा गुडघ्यांवर तसाच बसलेला. आता त्याने मानही खाली घातली होती.

दोकमान काठी टेकून उठला. सभागृहाच्या कोपऱ्यात फ्रीज होता. त्यात नेहमी चार-सहा बाटल्या असतात, सगळ्या गावाच्या. त्याने एक काढली. "अहो, काय करताय?" मालसुन अर्धवट उठली. त्याने काठी भिंतीला लावली, टेबलाशी बसला आणि बाटली डाव्या हातात घेतली.

ही दारू उघडणं दोन हातांच्या माणसालाही साधत नाही. गाळ तळाशी बसलेला असतो, तो हलवावा लागतो. आणि हलवली की आतला वायू उसळतो, झाकण उघडलं की अर्धी बाटली अंगावर. पहिल्या महिन्यात थडग्याशी दोकमानची विजार दर वेळी भिजायची. मग हळूहळू हात बसला.

त्याने बाटली उलटी केली, मनगटातून तीनदा गोल फिरवली, सुलटी केली. तळहाताने तिचं पोट दाबलं, फुगलेला वायू वर चढू दिला. मग बाटली डाव्या मांडीत आणि पोटात घट्ट धरली, अंगठा आणि तर्जनीने झाकण अर्ध्या वळणाने सैल केलं. सुस्स झालं. त्याने झाकण लगेच आवळलं, पुन्हा सैल केलं, पुन्हा आवळलं, आणि तिसऱ्या वेळी काढून टाकलं. फेस बाटलीच्या तोंडापर्यंत आला आणि आज्ञाधारकपणे खाली बसला. मग एका हाताने त्याने वाटी काठोकाठ भरली. टेबलावर एक थेंबसुद्धा सांडला नाही.

त्याने वाटीला हात लावला नाही.

हे सगळं मिनिटभरात झालं. पण त्या मिनिटात खोलीतला प्रत्येक माणूस, ज्याने उभ्या जन्मात शेकडो अशा बाटल्या उघडल्या होत्या, त्याच्या डाव्या हाताकडे बघत होता. एक-दोन वेळा उघडून नाही, असा हात बसायला महिनेच्या महिने लागतात, आणि त्यासाठी बाटल्या किती लागतात तेही सगळ्यांना कळत होतं. दुकानवाल्या म्हातारीने तोंडावर पदर घ्यावा तसा हातरुमाल घेतला. बायका आपापल्या गुडघ्यांकडे बघू लागल्या.

मालसुन मात्र त्याच्या हाताकडेच बघत होती. याच हाताने जमत नाही असं तो म्हणायचा, म्हणून ती सकाळी त्याच्या पायात मोजे चढवून द्यायची, ब्रशला पेस्ट लावून द्यायची. तिचं तोंड जरा उघडं राहिलं होतं.

"साहेब," ती शेवटी म्हणाली. आवाज तिचा वाटत नव्हता. "तो कागद द्या."

साहेबांनी बॅगेतून तक्रार काढली. तिने ती घेतली, चार घड्या घातल्या आणि कमरेच्या खिशात ठेवली. "पोराचा करार पुढे न्या. त्याचं काही चुकलं नाही." मग ती चांगसिककडे न बघता म्हणाली, "ऊठ, बाबा," आणि चपला घालून निघून गेली. दोकमान काठी टेकत मागून निघाला. रस्त्यात दोनदा त्याने हाक मारली. ती थांबली नाही.

घरी ती अंगणात लसणाच्या जुड्या बांधत बसली होती. दोरी इतकी करकचून ओढत होती की पाती तुटत होत्या. दोकमान तिच्यासमोर उभा राहिला.

"अगं, प्रसाद म्हणून घ्यायला लागलो—"

"बापाचं नाव काढू नका," ती म्हणाली. "तो बिचारा खात नव्हता, पीत नव्हता. मेल्यावर त्याला का बाटवलंत?"

जुडी झाली, तिने दुसरी घेतली.

"मी त्या पोराच्या आईला वारं जाऊ दे म्हणाले," ती म्हणाली. "भर बसमध्ये. तिचा नवरा त्यातच गेलाय, आत्ता दुकानवाली येऊन सांगून गेली. आणि तुम्ही बाजूला उभे होतात. तोंड होतं ना तुम्हाला? 'नाही' म्हणायला होतं."

"मी माफी मागतो. उद्या जातो त्याच्या घरी."

"तुमच्या माफीचं कोण काय करणार?" ती म्हणाली, आणि मग ती रडली. हातगाडी ढकलतानासुद्धा तिला कधी रडताना बघितल्याचं त्याला आठवत नव्हतं. "जाऊ आपण दोघं. सकाळच्या गाडीने नाही, चालत. त्याच्या गाडीत बसून त्याच्या घरी कुठल्या तोंडाने जायचं?"

दुसरा दिवस शनिवारचा. मालसुनने पाठीवर पिवळ्या खरबुजांची पेटी बांधली आणि पुढे चालू लागली. टेकडीच्या पलीकडचं गाव एरवी अर्ध्या तासाच्या अंतरावर. त्यांना दोन तास लागले, कारण तो दर शंभर पावलांवर थांबत होता आणि ती दर शंभर पावलांवर मागे वळून न बघता थांबत होती. ऊन चढलं होतं.

चांगसिकची आई ओसरीवर शेंगा निवडत होती. लहानखुरी, पांढऱ्या केसांची बाई. चांगसिक मागच्या बाजूला कुठेतरी होता. मालसुनने पेटी उतरवली, ओसरीच्या कडेला ठेवली आणि ओसरीवर चढली नाही. अंगणातल्या मातीत दोन्ही गुडघे टेकून बसली.

"अगं बाई, हे काय! उठा, वर या!" म्हातारी गडबडली.

"मी तुमच्या मुलाला खोटारडा म्हणाले," मालसुन म्हणाली. "तो खरा होता. मी त्याला सगळ्या गावासमोर गुडघ्यांवर बसवलं. तुम्हाला मी वाईट बोलले. तुमच्या घरात जे झालंय ते ठाऊक असतं तरी बोलले असते, इतकी मी आंधळी झाले होते." आणि तिने दोन्ही हात जमिनीवर ठेवून कपाळ हातांवर टेकवलं.

दोकमान तिच्या मागे उभा होता. ही माफी त्याची होती. चारचौघांत फुशारक्या मारल्या त्या तिने, शिव्या दिल्या त्या तिने. पण त्या सगळ्याच्या बुडाशी होता तो, आणि मातीत होती ती. त्याने काठी सोडली आणि गुडघे वाकवले. डावा वाकला. उजवा वाकेना. वर्षभर आरोग्य केंद्रातली मुलगी सांगत होती, काका, पायाचा व्यायाम घरी करा. तो हो म्हणून टेकडीवर जाऊन बसायचा. त्याने जोर लावला, तोल गेला आणि तो कडेच्या भिंतीवर कलंडू लागला.

"काका!" चांगसिक कोपऱ्यावरून धावत आला. त्याने दोकमानला काखेत हात घालून वरचेवर धरलं, त्याचं सगळं वजन अंगावर घेतलं, पायाने एक प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि पेरसिमनच्या झाडाच्या सावलीत त्याला नीट बसवलं. उजवा पाय उचलून सरळ ठेवला. "थांबा हं, पाणी आणतो," म्हणून आत गेला आणि जवाचा गार चहा पेल्यात भरून घेऊन आला. पेला दोकमानच्या डाव्या हातात दिला आणि तो नीट धरतोय ना, हे बघून मगच हात काढला.

"हळू प्या, काका. उन्हातून आलात."

दोकमानने पेला धरला. समोर, उन्हात, मालसुनचं कपाळ अजून जमिनीला टेकलेलं होतं आणि म्हातारी तिचे खांदे धरून तिला उठवायचा प्रयत्न करत होती. ती उठत नव्हती.